एक, पाच, शून्य

भोपाळमध्ये माणूस हरवला तरी सापडतो, नंबर हरवला की संपलं. इथे पत्ता आकड्यांत सांगतात. पाच नंबर, सहा नंबर, दहा नंबर, बारा नंबर हे एकेकाळचे बसथांबे. आता त्या नावाने बाजार भरतात आणि लग्नं जमतात. आजारी पडलात तर रिक्षावाल्याला 'जयप्रकाश रुग्णालय' सांगत बसू नका, '१२५०' म्हणा. मारुतीला जायचं तर ११०० क्वार्टर. काम अडलं असेल तर ७४ बंगले, आणि हात फारच वर पोचत असेल तर चार इमली, म्हणजे चिंचेची झाडंसुद्धा मोजूनच.

ज्या वस्त्यांना माणसांची नावं दिली, तिथे मात्र आम्ही काटकसर केली. महाराणा प्रतापांचं एम. पी. नगर झालं आणि तात्या टोप्यांचं टी. टी. नगर. दोघांनीही हयातभर शत्रूला रानोमाळ फिरवून हुलकावण्या दिल्या. भोपाळात त्यांनी अशी काही हुलकावणी दिली आहे, की शेजाऱ्यालाही ते सापडत नाहीत. आमच्या टी. टी. नगरात स्टेडियम आहे, म्हणून टी. टी. म्हणजे टेबल टेनिस, असं एका कॉलेजकुमाराने मला समजावून सांगितलं. येवल्याचा रामचंद्र पांडुरंग १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फासावर गेला तो बहुधा स्मॅश चुकल्यामुळे.

तर अशा या आकड्यांच्या गावात, आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या कॉम्प्युटरचे आकडे बंद पडले. वार्षिक सभा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, ताळेबंद टाइप व्हायचा होता, आणि खजिनदार मी.

मंडळाचं कार्यालय म्हणजे एका सभासदाचं गॅरेज. कॉम्प्युटर त्याच्याच मुलाने टाकून दिलेला. कळफलकावर आकडे दोन ठिकाणी असतात, एक वरची रांग आणि दुसरा उजवीकडचा चौकोनी खण. वरच्या रांगेवर गेल्या गणपतीत चहा सांडला होता. कळांच्या खाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेघा. साखरेचा चहा तिथे मुरला की रेघा मरतात, कळ वरून टवटवीत दिसते. पदाधिकाऱ्यांचंही तसंच असतं. वर्षभरात एकेक कळ गेली आणि शेवटी तीनच आकडे हाताशी उरले: १, ५ आणि ०.

इतके दिवस अडलं नव्हतं, कारण उजवा खण चालू होता. त्या संध्याकाळी तोही गप्प झाला. मी सात दाबला, कागदावर काही नाही. आठ दाबला, काही नाही. पाच दाबला तर भलतीच खिडकी उघडली.

आमचे सचिव म्हणाले, "रीस्टार्ट करा." त्यांचा सगळ्या प्रश्नांवर हाच तोडगा आहे, मंडळ त्यांनी आतापर्यंत तीनदा रीस्टार्ट केलं आहे. केलं. काही फरक नाही. मग एम. पी. नगरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"को खां, नमलॉक की बत्ती जल रही?"

"जल रही है."

"बुझा के देखो."

विझवली. आता सात दाबला की ठिपका उडी मारून ओळीच्या सुरुवातीला जाई, एक दाबला की शेवटी, आठ दाबला की वरच्या ओळीत. म्हणजे आकडा मागितला की प्रवास घडायचा. याला कारण आहे. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी काढला, त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या आणि बाणांना वेगळी जागा नव्हती. म्हणून एकाच खणाला दोन खाती दिली आणि खातेबदल करायला नमलॉक नावाची कळ ठेवली. पुढे बाणांना स्वतंत्र घर मिळालं, तरी नमलॉक हललं नाही. सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. काम संपलं म्हणून पद रद्द झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

बत्ती लावली की काहीच नाही, विझवली की भ्रमंती. दुरुस्तीवाला म्हणाला, "तो फिर नया ले लो खां," आणि फोन ठेवला.

तोवर गॅरेजात कार्यकारिणी जमली होती. अध्यक्ष आमचे मूळचे नागपूरकर. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश जन्माला आलं, नागपूरची राजधानी गेली आणि तिथले बाबू फायलींसकट भोपाळात आले. ग्वाल्हेर-इंदूरहून मध्य भारताचे आले, रीव्याहून विंध्य प्रदेशाचे. टी. टी. नगरची क्वार्टर्स भरली ती अशी. अध्यक्षांचे वडील त्या पहिल्या गाड्यांतले, त्यामुळे राज्य आपल्याच घरच्यांनी टाइप केलं असा त्यांचा समज आहे.

"एवढं काय टेन्शन घेऊन राहिले बाप्पा?" अध्यक्ष म्हणाले. "बाबांच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरला एकाची कळच नव्हती. एल दाबायचे. शून्याला कॅपिटल ओ. चाललं ना सरकार?"

सरकार चाललं हे खरं होतं. म्हणून आम्ही उरलेल्या तीन आकड्यांवर ताळेबंद करता येतो का, ते पाहायचं ठरवलं.

पहिली अडचण पहिल्याच रकान्यात आली. ताळेबंदाची सुरुवात 'अ. क्र.' ने होते आणि आमचा फॉन्ट कृतिदेव. ज्यांनी त्यात काम केलं आहे त्यांना ठाऊक असेल, त्यात 'क्र' काढायला ऑल्ट दाबून धरून उजव्या खणातून ०२१६ टाइप करावं लागतं. खण बंद म्हणजे 'क्र' बंद. अनुक्रमांक गेले. मग अहवालाचं पहिलं वाक्य अडलं: 'क्रांतिवीर तात्या टोपे यांच्या नावाने पावन झालेल्या या नगरात…' सचिवांनी तोडगा काढला, नुसतं 'वीर' ठेवा. मग कुणीतरी म्हणालं, एवढं लांब कशाला, 'टी. टी. नगरात' लिहा. अशा रीतीने चहाचा एक पेला आणि एक बिघडलेला खण यांनी मिळून आमच्या अहवालातून आधी क्रांती घालवली आणि मग तात्यांना.

जमेची बाजू मात्र विलक्षण सुरळीत निघाली. वर्गणी म्हणजे ५१, १०१, १५१, ५०१. मराठी माणसाचं दातृत्व या तीन कळांच्या बाहेर कधी गेलेलंच नाही, हे त्या दिवशी प्रथम लक्षात आलं. एकूण जमा १,०५,५०१. पटापट उमटली.

खर्चाची बाजू आली आणि गाडं रुतलं. मंडप ४६,७२०. एकही आकडा उमटेना, शेवटचं शून्य सोडून. प्रसाद १३,४८०. मूर्ती ८,९००. लाइट आणि लाउडस्पीकर १४,३००. सांस्कृतिक कार्यक्रम १२,६५०. किरकोळ ५०१, हा एकच खर्च वर्गणीसारखा वागला.

आता माजी खजिनदार खुर्ची पुढे ओढून बसले. पूर्वी सलग अकरा वर्षं हिशेब त्यांच्याकडे होता आणि एकाही वर्षी शिल्लक निघाली नव्हती.

"मंडप पन्नास हजार लिहा," ते म्हणाले.

"पण बिल ४६,७२० चं आहे."

"कळ आहे का चाराची?"

नव्हती. मंडप ५०,००० झाला. प्रसाद १५,०००, मूर्ती १०,०००, लाइट १५,०००, कार्यक्रम १५,०००, किरकोळ ५०१. बेरीज केली. १,०५,५०१. जमेइतकीच, रुपयाचाही इकडेतिकडे फरक नाही. शिल्लक ०, आणि शून्याची कळ तर ठणठणीत होती. इतका देखणा ताळेबंद मंडळाच्या इतिहासात झाला नव्हता. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण खरी शिल्लक ८,९५० आहे," मी म्हणालो.

माजी खजिनदारांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "आठ आहे?"

"नाही."

"नऊ?"

"नाही."

"मग तो फरक टाइप कुठे करणार तुम्ही?"

खरंच आहे. जो आकडा उमटत नाही, तो रुपया नसतो. हा शोध आमच्या गॅरेजात लागला असं मी म्हणणार नाही. वरची रांग चहाने गेलेले कळफलक अनेक कार्यालयांत असावेत, नाहीतर इतके अंदाजपत्रकी खर्च इतक्या गोल आकड्यांत संपले नसते. मला अशा कळफलकांची वाईट बाजूही दिसते आणि चांगलीही. २०१६ च्या जानेवारीत भोपाळ पहिल्या वीस स्मार्ट शहरांत निवडलं गेलं. त्यासाठी पाडून नव्याने बांधायला आधी शिवाजीनगर ठरलं होतं. तिथल्या लोकांनी झाडांसाठी आरडाओरडा केला, शिवाजीनगर वाचलं आणि गाडी टी. टी. नगरावर आली. ३४२ एकर. जुनी क्वार्टर्स गेली, वडा-पिंपळ गेले. तीन, चार, दोन: यातली एकही कळ आमच्याकडे जिवंत नव्हती. ती फाइल आमच्या गॅरेजात टाइप झाली असती, तर अर्धं टी. टी. नगर आज जागेवर असतं.

एवढ्यात गॅरेज झाडायला येणाऱ्या मावशी केरसुणी घेऊन आल्या. सगळ्यांना पाय वर घ्यायला लावून त्या म्हणाल्या, "भैया, ये मशीन सुबह से बिगड़ी है क्या? मैं पोंछ रही थी तो टुंग बोला. फिर कुछ पूछ रहा था."

"क्या पूछ रहा था?"

"अब मुझे अंग्रेजी कहाँ आती है. मैंने एंटर दबा दिया. यहाँ सब लोग बिना पढ़े ही तो हाँ करते हैं."

कार्यकारिणीत शांतता पसरली. मागच्या सभेचं इतिवृत्त सर्वांनी तसंच मंजूर केलं होतं.

मी चष्मा लावला आणि पुन्हा आठ दाबला. या वेळी कागदाकडे न बघता पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यातला माउसचा बाण हळूच वर सरकत होता. दोन दाबला, खाली आला. पाच दाबला, टिचकी पडली. मघाशी भलतीच खिडकी का उघडली ते कळलं. आकडे मेले नव्हते, त्यांची बदली झाली होती. विंडोजमध्ये 'माउस कीज' नावाची सोय आहे. ज्यांना माउस धरता येत नाही, त्यांनी आकड्यांच्या खणावरून बाण हलवावा म्हणून केलेली, अत्यंत माणुसकीची सोय. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबले की टुंग वाजतं आणि पडदा विचारतो, चालू करू का? मावशींच्या फडक्याने तिन्ही कळा एका दमात दाबल्या आणि एंटरने होकार भरला.

तेच तीन परत दाबले. पुन्हा टुंग. सात दाबला, आणि कागदावर सात उमटला. आठ. नऊ. ऑल्ट दाबून ०२१६ केलं आणि 'क्र' सुद्धा हजर झाला.

मी आनंदाने मागे वळलो. टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्ष खिडकीबाहेर पाहत होते. सचिवांना अचानक घरची आठवण झाली. मघाचा देखणा ताळेबंद पडद्यावर तसाच होता आणि आता त्याला कसलीही सबब उरली नव्हती. मंडप ४६,७२० करावा लागला, प्रसाद १३,४८०, आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला शिल्लक ८,९५० कागदावर येऊन बसली, नको असलेल्या पाहुण्यासारखी.

"नवा कळफलक घ्यायचा का यातून?" मी विचारलं.

"छे, छे," तिघे एकदम म्हणाले. "आहे तो उत्तम आहे."

सगळे पांगले. माजी खजिनदार तेवढे मागे रेंगाळले. पुढच्या वर्षी खजिनदारपद पुन्हा त्यांच्याकडे जायचं आहे, हे एव्हाना सर्वांना ठाऊक होतं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"त्या तीन कळा कोणत्या म्हणालात?"

"डावा ऑल्ट, डावा शिफ्ट, नमलॉक."

"डावाच ना?"

"डावाच."

त्यांनी कोरं पान काढलं, पट्टीने रेघ मारली आणि सुवाच्य अक्षरात आधी लिहिलं: अ. क्र. १.