दगड चावण्याची रीत

अभ्यासाकडे पाठ फिरवणाऱ्या पोराला आपल्याकडे एक ठरलेलं भविष्य ऐकवलं जाई: "खडी फोडायला जाशील!" त्यात तुरुंगही आला आणि दुष्काळी कामही आलं, ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे अर्थ घ्यावा. आता यंत्राने ही धमकीही निकालात काढली आहे. खडी फोडायची तर खाणीचा परवाना लागतो, डंपर लागतात, विजेचं बिल भरायची ऐपत लागते. क्रशरमालकाच्या दारातली गाडी पाहिली, की वडिलांचं बोलणं आपण उगीच मनाला लावून घेतलं असं वाटतं.

रस्त्याला दगड केवढा हवा, ते स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ठरवून दिलं. सहा औंस, म्हणजे साधारण १७० ग्रॅम, याहून जड दगड नको. पण कडेला बसून हातोडीने खडी फोडणाऱ्या मजुराकडे तराजू कुठला? तेव्हा दगड तोंडात घालून पाहायचा, मावला तर पास. एका म्हाताऱ्याची खडी भलतीच मोठी निघाली, चौकशी केली तर त्याच्या तोंडात एकही दात नव्हता, असा किस्सा सांगतात. खराखोटा मॅकॅडमलाच ठाऊक. दगडाचा आणि तोंडाचा संबंध मात्र तेव्हा जुळला तो जुळलाच.

पुढे १८५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू हेवन गावाने दोनेक मैल रस्त्यावर खडी घालायचं ठरवलं. त्या कामाच्या समितीत इलाय व्हिटनी ब्लेक नावाचा गृहस्थ होता. कापसातली सरकी काढायचं यंत्र करणाऱ्या इलाय व्हिटनीचा हा भाचा. सभा आटोपली की घरी जावं, ते सोडून हा विचार करत बसला, की दगड फोडायला हातोडीखेरीज जगात काहीच कसं नाही? १८५८ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते जबड्याच्या क्रशरचं. रस्त्याच्या समितीतून जगाला एखादी टिकाऊ वस्तू मिळाल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

पुण्याजवळच्या वाघोली-मोशीकडच्या खाणींवर आजही धोंड्याची पहिली गाठ जबड्याशीच पडते. सुरुंगाने उडवलेला माल पोकलेन डंपरमध्ये भरतो, डंपर तो हॉपरमध्ये ओततो, तिथली थरथरती जाळी माती-मुरूम खाली गाळते आणि धोंडा पुढे सरकतो. समोर दोन पोलादी पाट, एक स्थिर, एक हलता. मधली जागा वर ऐसपैस, खाली चिंचोळी. हलता पाट जेमतेम दोन-चार सेंटिमीटर हलतो. बघायला गेलेल्या माणसाची यात थोडी निराशाच होते. धोंडा चिमटीत सापडतो, तडकतो, पाट मागे हटतो, तुकडे जरा खाली घसरतात, पुन्हा चिमटा. मिनिटाला दोन-अडीचशे वेळा. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायला सांगणारी आजी इथे कृतार्थ झाली असती.

आपला बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नुसत्या दाबाला तो सहसा बधत नाही, ताणाला मात्र फार हळवा; दाब जितका सोसतो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ताण पडला, की चिरफळतो. जबडा त्याला दोन-चार टोकांवर पकडतो. बाहेरून दाबल्यासारखं दिसतं, आत कातळ ताणला जात असतो आणि तिथेच उभा दुभंगतो. इतक्या खटाटोपात खर्ची पडलेल्या विजेतला अगदी थोडा भाग दगड फुटण्याच्या कामी येतो, बाकीच्याची उष्णता आणि गोंगाट होतो.

जबड्याचे पाट मँगनीज पोलादाचे. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद जितका मार खातं तितकं वरून कठीण होत जातं. आमच्या काळच्या मास्तरांना पोरांविषयी नेमकी हीच आशा होती. पण मला जास्त माया वाटते ती हलत्या पाटाला मागून टेकू देणाऱ्या टॉगल प्लेटची. ती मुद्दाम कमकुवत ठेवतात. कधी पोकलेनच्या बकेटचा तुटलेला दात दगडांबरोबर आत येतो. दाताखाली दात! तेव्हा ही पट्टी मोडते आणि लाखमोलाचं यंत्र वाचतं. मग मालक तिच्याच नावाने बोटं मोडतो.

एका घासात धोंड्याची पाऊण इंची खडी होत नाही. जबडा फार तर पाच-सहा पटींनी लहान करतो. मग माल पट्ट्यावरून कोन क्रशरकडे जातो, तिथून चाळण्यांवर. चाळणीतून जो पडत नाही, तो मुकाट्याने माघारी. एडिसनने १८९० च्या दशकात न्यू जर्सीत लोहखनिज काढायला काही टनांचे धोंडे एका झटक्यात फोडणारे अजस्र रूळ बसवले होते. रूळ चालले, धोंडे फुटले. इतक्यात मिनेसोटात स्वस्त लोहखनिज निघालं आणि सगळा कारखानाच बसला. उतावळेपणाचं हे फळ म्हणावं, तर रुळांचा त्यात काहीच दोष नव्हता.

सगळ्या चाळण्यांतून खाली उरते ती डस्ट. पूर्वी क्रशरच्या मागे तिचे डोंगर पडून असत, फुकट न्या म्हटलं तरी गिऱ्हाईक मिळत नसे. मग नद्यांची वाळू दुर्मीळ झाली. आता दगडावर दगड आपटून फोडणारं आणखी एक यंत्र बसवतात, चपटे कण गोलसर होतात, माल धुतात आणि क्रश सँड म्हणून ब्रासच्या भावाने विकतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे गिऱ्हाइकालाही पाठ असतं; ट्रकमध्ये ते खरंच भरलेत का, यावर दारात वाद होतो. तो मिटेपर्यंत गवंडी थापीवर जराशी क्रश सँड घेतो, चिमटीत चोळून पाहतो आणि म्हणतो, "स्लॅबला चालंल. पण साहेब, प्लॅस्टरला नदीची मिळाली तर बघा की."