मयत खातेदार : भाग दोन
(एकपात्री विनोदी प्रयोग)

नेपथ्य : रंगमंचाच्या मधोमध व्याख्यानाचे मेज. त्यावर लाल फडक्यात बांधलेले दप्तर आणि पाण्याचा तांब्या. मागे रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीचा नकाशा. रेवस, अलिबाग, चौल, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर ही नावे ठळक. पात्र एकच, ते म्हणजे व्याख्याते. प्रयोगभर त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. प्रेक्षागृहात कोणी हसले, तर ते थांबतात, वहीत नोंद करतात आणि मग पुढे बोलतात.

खंड पहिला : व्याख्या आणि व्याप्ती

(व्याख्याते येतात. दप्तराला नमस्कार करतात. प्रेक्षकांना करायचे राहून जाते.)

मृत्यूला चकवणे म्हणजे नियतीने ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या स्थळी, ठरवलेल्या व्यक्तीने विनापरवानगी गैरहजर राहणे होय. या विषयाचा पाश्चात्त्य अभ्यास प्रामुख्याने ‘फायनल डेस्टिनेशन’ या अमेरिकन भयपटमालिकेत झालेला असून, २००० सालच्या पहिल्या भागात एका तरुणास विमानाच्या स्फोटाची पूर्वसूचना मिळते, काही प्रवासी उतरून वाचतात आणि त्यानंतर मृत्यू त्या वाचलेल्यांना यादीतील क्रमानुसार गाठू लागतो. २००३ सालच्या दुसऱ्या भागात अशीच घटना महामार्गावर घडते आणि तिचे निमित्त होते ते लाकडाचे ओंडके वाहून नेणारा मालट्रक.

(नकाशाकडे वळून, पनवेलपासून खाली बोट फिरवत.)

सदर दुसरा भाग रायगड जिल्ह्यात जसाच्या तसा घडणे शक्य नाही, असे तज्ज्ञांचे मत आहे. कारण ओंडके सुटून मागील वाहनावर आदळण्यासाठी पुढील वाहन मुळात वेगात असावे लागते, आणि ज्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ च्या सुमारास सुरू झाले, त्या महामार्गाने ही प्राथमिक अट पुढे कित्येक गणेशोत्सव पूर्ण होऊ दिली नाही. तेथे ओंडका सुटला असता, तरी चालकाने खाली उतरून तो पुन्हा बांधला असता, मागील वाहनातील मंडळींनी त्याला हात लावला असता, आणि तेवढ्यात रांग पुढे सरकली नसती.

(प्रेक्षागृहातील हशा. व्याख्याते नोंद करतात.)

अमेरिकन वाचलेल्यांची मूलभूत चूक अशी की ते पळतात. मृत्यू हे एक खाते आहे, त्याच्याकडे यादी आहे, यादीस क्रम आहे, आणि ज्या संस्थेकडे यादी व क्रम असतो तिच्यापासून पळायचे नसते, तर तिच्या कागदपत्रांत घोळ घालायचा असतो, हे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

खंड दुसरा : पारंपरिक पद्धती

या ज्ञानाचे प्राचीनतम उदाहरण रायगडच्या दक्षिण सीमेवर नदीच्या रूपाने वाहते. महाबळेश्वरी उगम पावणारी आणि हरिहरेश्वराजवळ बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळणारी सावित्री ही नदी ज्या नावाने ओळखली जाते, त्याच नावाच्या पतिव्रतेने पतीचे प्राण परत मिळवताना पलायन केले नाही. उलट ती यमाच्या मागोमाग चालत राहिली, प्रत्येक टप्प्यावर नवा विनंती-अर्ज सादर करत राहिली आणि अखेरीस संबंधित अधिकाऱ्याच्या तोंडून असा वर काढून घेतला की ज्याची अंमलबजावणी पती जिवंत असल्याशिवाय होऊच शकत नव्हती. प्रशासकीय परिभाषेत यास पाठपुरावा असे म्हणतात.

(मेजाभोवती काल्पनिक अधिकाऱ्यामागे तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत अधिकारी थकल्याचे दाखवतात.)

दुसरी पद्धत नामांतराची. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नंतर जन्मलेल्या मुलास धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावे ठेवण्याची, त्याचे नाक टोचून त्याला नथू म्हणण्याची, किंवा त्याला शेजारणीस नाममात्र किमतीत विकून पुन्हा विकत घेण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. यादी घेऊन आलेल्या यमदूतास पाळण्यात बालक दिसावे आणि कागदावर दगड दिसावा, अशी ही योजना होती. पिढ्यान्‌पिढ्या यमदूत दगडाची नोंद पाहून परत जात राहिले असावेत, या गृहीतावर तिचा सारा भर होता. असा भोळेपणा एखाद्यात दिसल्यास त्यावर बोट ठेवण्यासाठी ‘अलिबागवरून आला आहे काय’ असे विचारण्याची जी प्रथा पडली, तिच्यावर बंदी घालण्याची मागणी करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळली. तथापि त्या सुनावणीत यमदूतांचे मूळ गाव कोणते, हा प्रश्न उपस्थित झाला नाही, ही संशोधनातील उणीव होय.

खंड तिसरा : पूर्वसूरींचे कार्य

(दप्तराची एक गाठ सोडतात. धूळ. खोकला. तांब्यातील पाणी.)

मृत्यूनंतरही मागे राहणाऱ्यांची पद्धतशीर पाहणी या भागात इंग्रजी अमदानीतच झाली. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा केलेली लोकसमजुतींची सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली आणि तिचा कोकणविषयक खंड १९१५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे भुतांविषयीचा हा ग्रंथ निघाला, तेव्हा त्याचे संग्राहक स्वतः पलीकडच्या बाजूस रुजू झालेले होते. या पाहणीची माहिती पुरवण्याचे काम गावोगावच्या शाळामास्तरांनी केले, आणि रायगडास तेव्हा कुलाबा म्हणत असल्याने कुलाबा जिल्ह्याचे मास्तरही त्यात होते. शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावू नयेत, ही मागणी किती जुनी असावी, याचा अंदाज यावरून बांधता येतो. कारण मास्तरांकडे तेव्हाच पिशाच्चगणनाही आली होती.

कोकणातील भूतवर्गात पिंपळावर राहणारा मुंजा, म्हणजे मुंज झाल्यावर परंतु लग्नाआधी मेलेला मुलगा; पाण्यात वसणारा गिऱ्हा; वाटसरूस रात्रभर एकाच जागी फिरवणारा चकवा; आणि हडळ, खवीस, समंध व देवचार यांचा समावेश होतो. हे वर्गीकरण सूक्ष्म असले, तरी किनाऱ्यावर संख्येने सर्वांत मोठा, प्रभावाने सर्वांत बलिष्ठ आणि कोणत्याही मांत्रिकास न जुमानणारा जो प्रकार, त्याची नोंद मास्तरांकडून राहून गेली.

(दुसरी गाठ सोडतात. एक जीर्ण उतारा दोन्ही हातांनी उंच धरतात. स्वर खाली.)

त्या प्रकारास मयत खातेदार असे म्हणतात.

खंड चौथा : मयत खातेदाराचे जीवनमान

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. पहिल्यात जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे ते लिहितात आणि दुसऱ्यात तीत कोणते पीक आहे ते. खातेदार म्हणजे ज्याचे नाव पहिल्यात आहे तो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार वारसाहक्काने जमीन मिळाली, की तीन महिन्यांच्या आत तसे तलाठ्यास कळवावे लागते. दुसरीकडे मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते आणि ती गावात ग्रामपंचायतीत होते. या दोन दप्तरांमधील अंतर पायी पाच मिनिटांचे असले, तरी ते ओलांडण्यास काही कुटुंबांना साठ वर्षे लागतात, आणि या मधल्या काळात पणजोबा ग्रामपंचायतीत मयत व तलाठी सजात, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत, हयात अशा दुहेरी अवस्थेत नांदतात.

(एक पाय मेजाच्या डावीकडे, एक उजवीकडे. त्याच अवस्थेत पुढील वाक्य.)

या अवस्थेत त्यांचे आयुष्य निष्क्रिय नसते. अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात, म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून रोखलेल्या भातजमिनीच्या पट्ट्यात, समुद्राच्या बाजूच्या बांधास उधाणाने खांड पडते, खारे पाणी आत शिरते, पुढे त्या शेतात खारफुटी वाढते आणि तिच्यात खेकडे राहू लागतात. परंतु पीक पाहणी कोणी केलीच नाही, तर उताऱ्यावर तेथे भातच डोलत राहतो. तात्पर्य, अस्तित्वात नसलेला शेतकरी अस्तित्वात नसलेल्या जमिनीत अस्तित्वात नसलेले पीक घेतो, आणि त्यावर रोग मात्र कधीच पडत नाही.

हे अमरत्व वारसांना महागातही पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि दिवेआगर-श्रीवर्धन भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा ज्या वाड्यांच्या उताऱ्यावर आजे-पणजे ठाण मांडून होते, त्यांच्या पंचनाम्यात पेच उभा राहणे अटळ होते. झाडे पडली होती, वारस उभे होते, आणि भरपाई मात्र खातेदाराच्या नावाने निघावयाची होती. खातेदाराने बँकेत खाते उघडावे म्हटले, तर त्याच्या तसबिरीवर हार होता.

(हार घातलेल्या तसबिरीची मुद्रा. त्याच मुद्रेत अंगठा पुढे करतात.)

याच्या नेमके उलट जिवंतांचे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण मेलेलो नाही हे स्वतः सिद्ध करावे लागते. यंत्रावर बोट ठेवल्यावर झिजलेली रेषा जुळली नाही, तर समोर श्वास घेत असलेली व्यक्ती काही काळ संशयित ठरते. जिवंताकडे पुरावा मागणारी आणि मृतावर विनापुरावा विश्वास ठेवणारी ही व्यवस्था पाहता, मृत्यूस चकवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय वेळेवर मरणे आणि कोणास न कळवणे हाच ठरतो.

तथापि, कुटुंबे पणजोबांना जिवंत का ठेवतात, याचे कारण निव्वळ आळस नव्हे. याच खारेपाटात चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीनदार खोतांविरुद्ध संप केला, वर्षानुवर्षे जमीन कसली नाही, उपासमार सोसली. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. जे नाव कागदावर चढण्यास एवढे लागले, ते उतरवताना हात अडखळणे स्वाभाविक आहे. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. पणजोबांचे नाव आहे, तोवर जमीन एक आहे. ते नाव उतरले, की खाली तेवीस नावे चढतात आणि त्यांतील प्रत्येक नावास एक पत्नी, एक वकील आणि एक मत असते. तेवीस जिवंतांचे भांडण टाळण्यासाठी एका मृतास जिवंत ठेवणे, ही या किनाऱ्याने शोधलेली सर्वांत स्वस्त शांतता योजना होय.

खंड पाचवा : उत्तरभाग

(प्रकाश लाल. व्याख्याते वर पाहतात, प्रकाशयोजनाकारास हाताने नको म्हणतात. प्रकाश पूर्ववत.)

प्रत्येक भयपटाचा दुसरा भाग येतो. महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा ही मोहीम हाती घेतली, जिचा हेतू उताऱ्यांवरील मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावणे हा होता. वेळापत्रकानुसार प्रथम पाच दिवस चावडीवाचन, म्हणजे गावात मयत खातेदारांची यादी मोठ्याने वाचणे. नंतर २० एप्रिलपर्यंत वारसांकडून मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि वारसांची नावे, वये व पत्ते घेणे. आणि १० मेपर्यंत फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद. यमाच्या दरबारातील यादी किमान गुप्त असते. येथे ती ध्वनिक्षेपकावर वाचली गेली असल्यास आश्चर्य नाही.

याच मे महिन्यात ‘फायनल डेस्टिनेशन’ मालिकेचा सहावा भाग प्रदर्शित झाला, ज्यात एका आजीने तरुणपणी मृत्यूस चकवलेले असते आणि त्यामुळे मृत्यू तिच्या मुलांना व नातवंडांना वंशावळीच्या क्रमाने गाठतो. परीक्षकांनी यास भयकथा म्हटले. महसूल विभागाच्या दृष्टीने ती वारस नोंद आहे.

(वहीत नोंद. पान संपते, उलटतात.)

मोहिमेचा दुसरा टप्पाही आला आणि त्यात जुने, कालबाह्य शेरे काढण्याचे ठरले. त्यांपैकी अपाक हा शेरा विशेष चिंतनीय आहे. खातेदार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असताना त्याच्या वतीने पालक व्यवहार पाहतो, असे हा शेरा सांगतो. मात्र तो वेळीच काढला गेला नाही, तर खातेदाराचे लग्न होते, नातवंडे होतात, दात पडतात, आणि कागदावर तो अज्ञानच राहतो. अमरत्व अनेक ऋषींनी मिळवले असेल; परंतु अमरत्वासोबत कायमचे बालपण केवळ या शेऱ्याने दिले.

खंड सहावा : निष्कर्ष

आता प्रश्न उरतो तो एवढाच, की या दुसऱ्या भागात मयत खातेदार वाचतो काय. अमेरिकन कथेत उत्तर नकारार्थी आहे, कारण तेथे मृत्यूच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही. येथे आहे. वारस फेरफार लिहिला, की त्याची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते.

(घड्याळ पाहतात. दिवस मोजू लागतात, बोटांवर.)

पहिले चौदा दिवस गावात शांतता असते. पंधराव्या दिवशी दुपारी मुंबईचे काका भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरतात, रिक्षाने थेट सजावर येतात आणि घाम पुसत लेखी हरकत देतात की वारसांच्या यादीत त्यांचे नाव खालून तिसरे आहे, आत्याचे नाव आहेच कशाला, आणि ज्या दोन चुलत्यांची नावे वर आहेत ते स्वतः अनुक्रमे १९९८ आणि २००६ साली मयत आहेत. त्याबरोबर फेरफार विवादग्रस्त नोंदवहीत जातो, सुनावणी लागते, तारीख पडते, तिच्यापुढे तारीख पडते, निकालावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील होते. आणि नोंद प्रमाणित होईपर्यंत उताऱ्यावरील नाव बदलत नसल्याने, पणजोबा या साऱ्या काळात कायदेशीररीत्या हयात राहतात.

(उताऱ्याची घडी घालतात, दप्तरात ठेवतात, गाठ मारतात. मग आठवून पुन्हा सोडतात.)

तेव्हा मृत्यूस चकवण्यासाठी मंत्र, ताईत किंवा लोखंडी दाराची कोठडी यांची आवश्यकता नाही, असे या विवेचनातून सिद्ध होते. आवश्यकता आहे ती एका सामाईक क्षेत्राची आणि एका असंतुष्ट काकांची. भाग तीनची तारीख मंडळ अधिकारी कळवतील. दोन्ही मयत चुलत्यांनी त्या दिवशी ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे.

(पडदा. हरकत असल्यास पंधरा दिवसांत पडदा पुन्हा उघडला जाईल.)