न वाचता केलेली जप्ती

परकीय अमलाविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा प्रसंग आमच्यावर सहसा येत नाही; परंतु इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारच्या पदरी 'ओरिएंटल ट्रान्सलेटर' नावाचा जो हुद्देदार असे, त्याच्याविषयी अलीकडे आमच्या अंतःकरणात एक प्रकारचा हळवेपणा उत्पन्न झाला आहे. देशी वृत्तपत्रे दर आठवड्यास वाचून त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकारदरबारी रुजू करणे हे त्याच्या कचेरीचे काम. म्हणजे लेखकाची मुसकी बांधण्यापूर्वी त्याचे लेखन अथपासून इतिपर्यंत वाचणारा एक तरी वाचक सरकारने पगार देऊन बाळगला होता, आणि आजच्या किती मराठी लेखकांना तेवढे भाग्य लाभते? ह्या वाचनाचा परिणाम असा की, 1910 साली खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली ती त्या नाटकापुरतीच आली. 'सौभद्रा'चे कथानकही त्याच महाभारतातले असताना सुभद्रेच्या लग्नास मात्र कोणी हरकत घेतली नाही.

स्वराज्यात ही वाचनाची दगदग उरलेली नाही. 2003 साली मेघालयातील एका बंडखोर संघटनेचा याहूवरील एकच गट बंद करण्याचे फर्मान सुटले, तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना नेमके तेवढेच दार लावणे न साधल्यामुळे त्यांनी याहूवरील यच्चयावत गटांचा वाडाच कुलूपबंद केला. 2014 च्या डिसेंबरात तर महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने अतिरेकी प्रचारास पायबंद घालण्याच्या सद्हेतूने मागणी केली, मुंबईच्या न्यायालयाने हुकूम दिला आणि 32 संकेतस्थळांची नावे जप्तीच्या यादीत चढली. त्यांत विमिओ आणि डेलीमोशन होते, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे गिटहब होते, आणि जुन्या मराठी ग्रंथांच्याही प्रती जेथे सापडतात ते इंटरनेट अर्काइव्ह नावाचे ग्रंथालयही होते. त्या यादीतील कित्येक नावांत 'पेस्ट' हा शब्द पुनःपुन्हा येतो, हे पाहता टूथपेस्टचे कारखाने ह्या तडाख्यातून कसे बचावले, ह्याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. पुढे थोड्याच दिवसांत काही आरोपी स्थळांची, असला मजकूर ठेवणार नाही अशी हमी घेऊन, मुक्तताही झाली.

हा प्रमाद निदान बाहेर फुटला म्हणून दुरुस्त झाला. एरवी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 अ खालील 2009 च्या नियमांपैकी सोळाव्या नियमाने अशा सर्व तक्रारी आणि त्यांवरील कारवाई कडेकोट गुप्त ठेवण्याचा बंदोबस्त केला आहे, त्यामुळे काय बंद झाले, कोणाच्या अर्जावरून झाले आणि त्यातले वाक्य तरी कोणते खटकले, ह्याचा पत्ता त्या मजकुराच्या वाचकासच काय, पुष्कळदा त्याच्या लेखकासही लागत नाही. बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात, सबब त्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, असा आधार सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हे कलम वैध ठरवताना घेतला. कारणे लेखी असतात, ह्यात शंका घेण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. ती वाचावयास मिळत नाहीत, एवढेच.

ओरिएंटल ट्रान्सलेटरचे एके काळचे गोपनीय साप्ताहिक गोषवारे मात्र आज पुराभिलेखागारात कोणाही अभ्यासकास वाचावयास मिळतात.