नाव सांगायचं नाही, असं ठरलं

आपल्याकडे देवळाला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तरी देणाऱ्याचं नाव त्याच्या काट्यांपेक्षा ठळक असतं. म्हणूनच जर्मनीतल्या श्वार्त्सेनाउ या खेड्यातल्या आठजणांचं मला मोठं कौतुक वाटतं.

ऑगस्ट 1708. पाच पुरुष, तीन बायका आणि एडर नदी. मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यायचा, हा त्यांचा निश्चय. तान्हेपणी झालेला त्यांना मान्य नव्हता आणि पुन्हा घेणं कायद्याला मान्य नव्हतं. पंचाईत वेगळीच होती: पहिला बाप्तिस्मा द्यायचा कोणी? चिठ्ठ्या टाकून एकाला निवडलं. त्याने त्यांच्यातल्याच अलेक्झांडर मॅकला पाण्यात बुडवलं आणि मग मॅकने बाकीच्यांना. त्या पहिल्याचं नाव मात्र कोणीही कधीही सांगायचं नाही, अशी आण घेतली. नाहीतर उद्या पंथ त्याच्याच नावाने चालायचा! आज तीनशे वर्षं उलटली, नाव फुटलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधलं गुपित अध्यक्ष जिना उतरायच्या आत दूधवाल्याला कळलेलं असतं.

मॅक पेशाने गिरणीवाला. एडरकाठचा हा बाप्तिस्मा हीच ब्रेदरन मंडळींची सुरुवात. पुढे जर्मनीतल्याच क्रेफेल्डच्या मंडळीत एका लग्नावरून जुंपली. पंथाबाहेरची मुलगी केली म्हणून नवरदेव बहिष्कृत! तंट्याला कंटाळून पीटर बेकर नावाचा विणकर 1719 मध्ये काही कुटुंबं घेऊन पेनसिल्व्हेनियात गेला. तिथेही माणसं चार वर्षं विखुरलेलीच राहिली. अखेर 1723 च्या नाताळात, ऐन थंडीत, जर्मनटाउनजवळच्या विसाहिकन ओढ्यात सहाजणांचा बाप्तिस्मा झाला आणि संध्याकाळी प्रीतिभोजन. त्यात एकमेकांचे पाय धुवायचे, एकत्र जेवायचं, मग भाकर नि द्राक्षारस. त्याआधी आपसातली भांडणं मिटवायची. ही अट आपल्या लग्नाच्या पंगतीला लावली, तर आचाऱ्याचं काम निम्म्यावर येईल.

भांडणं तरीही व्हायचीच. कॉनराड बाइसेल नावाच्या एकाने 1724 मध्ये बेकरच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि चार वर्षांनी वेगळी चूल मांडताना तो चक्क परत केला! पुन्हा पाण्यात उतरून जुना रद्द, नवा लागू.

या मंडळींची एक फांदी आपल्या अंगणातही आली. त्यांचे मिशनरी विल्बर स्टोव्हर 1894 मध्ये मुंबईला उतरले. मग वलसाड, डहाणू भागात मंडळ्या, शाळा, दवाखाने उभे राहिले. 1970 मध्ये उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा ब्रेदरन मंडळ्या तिच्यात विलीन झाल्याचं जाहीर झालं. काहींना ते पटलं नाही. मिळकतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि विलीनीकरणाने मिळकत आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही, असा निकाल 2013 मध्ये लागला.

थोडक्यात, माणूस स्वतःचं नाव तीनशे वर्षं लपवू शकतो. सातबाऱ्यावरचं मात्र एक दिवसही नाही.