देवगडची पेटी भरणाऱ्या सद्गृहस्थांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री, देवगडाबाहेर राहून देवगडची पेटी भरणारे व्यापारी यांस,

सा. न. वि. वि.

आपले नाव व ठिकाण ठाऊक नसल्यामुळे हे पत्र चव्हाट्यावरच लिहिणे भाग पडत आहे. आणि ज्याच्या मालावर मूळ गावाचे नाव कधीच नसते त्याने स्वतःचेही नाव गुप्त राखावे, हे व्यवसायधर्माला धरूनच असल्यामुळे त्याबद्दल आमची फिर्याद नाही. हे पत्र केवळ अभिनंदनाचे आहे.

आम्ही शाळेत शिकलो त्या भूगोलात देवगड हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, समुद्रकाठचा, कातळाने व्यापलेला एक तालुका होता. हद्दीचा एक दगड सरकवायचा झाला तर महसूल खात्याला मोजणी, पंचनामा, हरकती आणि अपिले यांत एक पिढी खर्ची घालावी लागते. आपण मात्र तांबड्या रंगाचा एक डबा व कापलेल्या पत्र्याचा एक छाप एवढ्याच सामग्रीवर त्या तालुक्याची हद्द दर चैत्रात धारवाडापर्यंत नेऊन भिडवता, आणि मृगाचा पाऊस पडताच कोणाचीही हरकत नसताना ती मुकाट्याने परत आणून ठेवता.

आपल्या हातची एक पेटी पाडव्याच्या सुमारास आमच्या घरी आली होती. फळीवर ‘अस्सल देवगड’ अशी ठसठशीत अक्षरे, आत भाताचा पेंढा, आणि प्रत्येक फळाभोवती मराठी वर्तमानपत्राचा चतकोर. फळ कापले तेव्हा साल जाड व गर पिवळाधमक निघाला. देवगडच्या फळाची पातळ, पिकताना सुरकुतणारी साल आणि केशराकडे झुकणारा गर त्यात नव्हता. तळच्या थरातील एका फळाला मात्र कानडी वर्तमानपत्र लाभले होते. एवढ्या मोठ्या दफ्तरात एखादा कागद चुकायचाच!

सरकारने आपल्या वाटेत काही विघ्ने उभी केली आहेत हे आम्ही जाणून आहो. वस्तूचे गुण ज्या भूमीमुळे आले त्या भूमीचे नाव त्याच वस्तूला राहावे, असा 1999 सालचा एक कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आहे. त्याचे दफ्तर चेन्नईस असून तेथे पहिला मान दार्जिलिंगच्या चहाने मिळवला, आणि पुढे कोल्हापूरचा गूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, गोव्याची फेणी व बेबिंक यांच्याही नोंदी झाल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापुसाला भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली. खोटे मानांकन लावणाऱ्यास कमीत कमी सहा महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड, असे कलमही त्या कायद्यात आहे. पण ज्या देशात कलमांची संख्या आंब्याच्या कलमांहून अधिक आहे, तेथे एवढ्याने आपण विचलित व्हाल असे वाटत नाही.

खरी दगदग आहे ती खऱ्या बागाइतदाराला. त्याने कातळात सुरुंग लावून खड्डा करावा, बाहेरून माती आणून तो भरावा, मोहोरावर आलेल्या तुडतुड्यांशी व फुलकिड्यांशी फवारण्या करून झुंजावे, एकेक फळ झेल्याने अलगद उतरवावे, एवढे करूनही आतून साका निघाल्यास नशिबाला दोष द्यावा. आणि मग सनद संस्थेच्या नावे असल्यामुळे, आपण आपल्याच गावात पिकवलेल्या आंब्याला आपल्याच गावचे नाव लावण्यास पात्र आहो, यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून निराळी दरखास्त करावी! आपल्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही. देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामात फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा घाट घातला, तेव्हा क्षणभर आम्हालाही आपली काळजी वाटली. परंतु चिकटपट्टीचा क्रमांक ताडून पाहण्यासाठी गिऱ्हाइकाला सत्य जाणण्याची इच्छा असावी लागते, हे ध्यानात येताच आम्ही निश्चिंत झालो.

धारवाडच्या बागाइतदारावरील आपले उपकार तर कोणी नोंदवतच नाही. त्याचेही फळ सचोटीने पिकवलेले आणि चवीला वाईट नसलेले; ते त्याच्या नावाने विकले गेले असते तर कालांतराने त्याच्या गावाचाही लौकिक झाला असता आणि लौकिकामागून येणाऱ्या सर्व चिंता त्याला जडल्या असत्या. आपण एकाचे नाव घेऊन व दुसऱ्याचे पुसून दोघांनाही समान न्याय दिलात.

या सर्व कारणांस्तव आमची नम्र सूचना अशी की, चेन्नईस आता आपणच अर्ज करावा. अर्जात मालाचे वर्णन, क्षेत्राचा नकाशा, उत्पादनाची रीत, परंपरेचा पुरावा आणि तपासणीची व्यवस्था असा तपशील मागतात. वर्णनाच्या रकान्यात ‘देवगडची पेटी, आंबा इतरत्रचा’ असे स्वच्छ लिहावे. रीतीत मानवी कौशल्याचा भाग एवढा मोठा आहे की निसर्गाला श्रेय देण्याचे कारण पडणार नाही. नकाशा मात्र अंमळ मोठ्या कागदावर काढावा लागेल. तपासणीची व्यवस्था आजवर जशी नव्हती तशीच पुढेही नसावी, असे सुचवावे.

राहता राहिला परंपरेचा पुरावा. त्यासाठी आम्हा गिऱ्हाइकांच्या जबान्या घ्याव्यात. झाडावर कैरीचा आकार धरू लागलेले फळ पाडव्याच्या ताटात पिकलेले हवे, ते देवगडचेच हवे, शेजाऱ्याने घेतले त्याहून दोनशे रुपयांनी स्वस्त हवे, हा आमचा हट्ट. तो पुरा करणे कोणत्याही प्रामाणिक झाडाला शक्य नाही, हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊक आहे. आम्ही पावती मागितली नाही, बागेचे नाव विचारले नाही. पाहुण्यांपुढे फोडी मांडताना ‘देवगडचा बरं का!’ असे मात्र आम्ही न चुकता म्हणालो. तेव्हा मेहेरबानी करून अर्जाच्या शेवटी, अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत, आपल्या नावाखाली आमचीही नावे लिहावीत. नोंदणीची फी आम्ही आपल्याकडे पेटीच्या किमतीतून केव्हाच भरलेली आहे.

कळावे, लोभ आहेच. तो वाढल्यावाचून आपला धंदा वाढणार नाही.

आपला नियमित आश्रयदाता,
एक गिऱ्हाईक