मोऱ्याहून मोऱ्याला

शंकराचा वार सोमवार, आणि घारापुरीच्या लेण्यांची सुट्टीही सोमवारचीच. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेला, वीस फूट उंचीचा सदाशिव तिथे डोळे मिटून बसला आहे. त्याला बघायला जगभरातून माणसं येतात. १९८७ साली युनेस्कोनेही त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आणि त्याच्याच वारी त्याच्या दाराला कुलूप. देवालाही आठवड्याची हक्काची रजा असावी, असा उदार विचार त्यामागे असेल तर त्याला कुणाची ना नाही.

म्हणूनच मोऱ्याच्या मंडळींनी घारापुरी बेटावरची पायवाट साफ करायला सोमवार निवडला. पर्यटक नसतात, फोटो काढणारे वाटेत येत नाहीत, कोयता नीट चालवता येतो. त्यातून त्या दिवशी त्रिपुरारी पौर्णिमा. पुण्यही पदरात आणि रानही साफ, असा दुहेरी हिशेब निवृत्त मास्तरांनी मांडला. उरण तालुक्यातल्या मोऱ्याच्या धक्क्यावर मास्तरांच्या हिशेबाला सहसा कुणी आव्हान देत नाही. आयुष्यभर पावकी, निमकी, पाऊणकी शिकवलेला माणूस तो.

पाऊणकीचं इथे खास महत्त्व आहे. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची ती तिथीची पाऊणपट करून. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. घड्याळाचा काटा थोडा इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय आणि पाढा एवढ्या भांडवलावर कोळ्यांच्या पिढ्या समुद्रावर गेल्या आणि परत आल्या. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याचाच हा घरगुती हिशेब. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, हेही ओघाने आलंच. मास्तरांनी पाढ्याचा पहिला भाग सर्वांना म्हणून दाखवला. दुसऱ्या भागाकडे पुढे येऊच.

घारापुरी बेटावर वस्त्या तीन: राजबंदर, शेतबंदर आणि मोरा बंदर. म्हणजे उरणच्या मोऱ्याहून निघालेला माणूस पाणी ओलांडून पुन्हा मोऱ्यालाच पोचतो. टोळीतल्या एकाने उतरल्याउतरल्या घरी फोन केला, ‘मोऱ्याला पोचलो.’ पलीकडून प्रश्न आला, ‘मग निघालात कधी?’

बेटावरचे दोघं सोबतीला आले. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, की मग अंधार. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला रानात काय चावतं आणि काय नुसतं घाबरवतं, ते नेमकं ठाऊक असतं. मोऱ्याच्या मंडळींना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उत्साह मात्र दांडगा.

कार्तिकातलं कोकणातलं रान म्हणजे उंच, वाळत आलेलं गवत आणि त्यातली कुसळं. पाच मिनिटांत प्रत्येकाच्या मोज्यांना केस फुटले. मग घाणेरीची जाळी. ही मूळची अमेरिका खंडातली. साहेबाच्या काळात बागेतली शोभेची बाई म्हणून आली आणि साहेब गेल्यावरही हलली नाही. तिच्यावर कोयता चालवावा तर काटे मनगटाला, आणि आठवड्यात नवी पालवी. तिला मुळासकट काढायचं असतं, हे बेटावरच्या दोघांनी सांगितलं. ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वरवरच छाटलं.

सर्वांत पुढे चालण्याचा मान मास्तरांचा. त्यामुळे वाटेवरचं कोळ्याचं जाळंही त्यांच्याच वाट्याला आलं. पावसाळा सरताना हे कोळी ऐन भरात असतात. वूड स्पायडरची मादी तळहातावर पाय पसरून बसेल एवढी, तिचं जाळं सोनेरी झाक असलेलं आणि चांगलं चिवट. त्याच जाळ्याच्या एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलेले नर इतके बारीक, की ते तिचे नवरे आहेत हे सांगावं लागतं. टोळीत एक जीवशास्त्राच्या बाई होत्या. मास्तर चष्म्यावरचं जाळं ओरबाडत असताना त्यांनी ही सगळी माहिती शांतपणे दिली आणि ‘मादी विषारी आहे, पण माणसाला धोका नाही’ असा दिलासाही दिला. त्या वेळी मादी मास्तरांच्या कॉलरवर होती.

त्यानंतर उंबील. आंब्याची पानं एकमेकींना शिवून त्यात राहणाऱ्या या तांबड्या मुंग्या. स्वतःच्या अळ्या तोंडात धरून, त्यांच्या रेशमाने त्या पानं चिकटवतात. मोठ्या माणसांनी बाळांना शिवणकामाला जुंपण्याचं दुसरं उदाहरण निसर्गात शोधावं लागेल. एकाने वाटेवर आलेली फांदी तोडली ती नेमकी त्यांच्या घराची. पुढची दहा मिनिटं त्या माणसाने जे हातवारे केले, त्याला कोळीनृत्यात सहज जागा मिळाली असती.

धामण मात्र सभ्य निघाली. सात फुटांचा तो पिवळसर देह वाटेवर ऊन खात होता. गर्दी पाहून ती निघून गेली. बिनविषारी आहे, उंदीर खाते, शेतकऱ्याची मैत्रीण आहे, हे सगळं सगळ्यांना आठवलं, पण ती गेल्यावर.

खरा सामना लेण्यांच्या बाजूला. धक्क्यावरून लेण्यांकडे जाताना शंभराच्या वर पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्या पायऱ्यांवर माकडांचं राज्य आहे. एरवी थंड पेयांच्या बाटल्या हिसकावून, बूच फिरवून पिण्यापर्यंत त्यांची प्रगती झालेली. सोमवारी मात्र पर्यटक नाहीत, म्हणजे माकडांना कडकडीत उपास. आणि समोरून कोण आलं, तर सोमवार आणि पौर्णिमा असा जोड उपास धरलेली मंडळी, पिशवीत मोजकी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन. एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात ती अशी.

पिशवी गेली. या माकडांच्या गालात थैल्या असतात आणि त्यांत जवळजवळ पोटाएवढाच माल मावतो, ही माहितीही बाईंकडूनच मिळाली. बालीतल्या उलुवाटू मंदिराजवळची माकडं याहून पुढे गेली आहेत. ती चष्मे, फोन पळवतात आणि खाऊ मिळाला की परत करतात. जास्त मोलाची वस्तू कोणती, हे तिथली मोठी माकडं बरोबर ओळखतात, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. घारापुरीच्या माकडांना अजून सौदा जमत नाही. ती फक्त घेतात.

उपाशीपोटी मंडळी तोफांच्या टेकडीवर चढली. तिथून समुद्र मांडून ठेवल्यासारखा दिसतो. मास्तरांनी दीपगृहांचा इतिहास काढला. खांदेरीचं १८६७ चं, कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज १८७५ चं, बंदराच्या तोंडावरचं संक रॉक १८८४ चं. सालं अचूक. मग हात लांब करून ‘ते बघा संक रॉक’ म्हणून त्यांनी जे दाखवलं, ते जवाहर द्वीपावरचं तेलाचं टर्मिनल निघालं. दोष धुरक्याचा होता, असं ठरलं.

दीपगृहं उभी राहिली ती खडकांसाठी. रात्री जहाज आपटू नये म्हणून साहेबाने दगडाचे मनोरे बांधले. मोऱ्याचं दुखणं वेगळंच. तिथे खडक नाही, गाळ आहे. खाडीतून येणारा, ओहोटीला उघडा पडणारा, भाऊच्या धक्क्यावरून आलेल्या लाँचला किनारा दिसत असूनही धक्क्याला लागू न देणारा. उधाणाच्या दिवसांत तर लाँचसेवा काही तास बंदच ठेवावी लागते. यंत्र लावून गाळ काढायचा, वाट मोकळी करायची, आणि पाण्याने पुन्हा ती भरायची. घाणेरीचंच समुद्रातलं भावंड म्हणा. फरक एवढाच, की टेकडीवरची पायवाट साफ करायला कोयता पुरतो.

होडीच्या तांडेलाने सकाळीच बजावलं होतं, ‘तीनला निघायचं. पानी कुनाची वाट बघत नाय.’ पण आधी तोफांपाशी फोटो. मग हत्तीची गोष्ट. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, त्याला १८६४ साली विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. सांधलेला हत्ती आता भायखळ्याला आहे. मग हत्ती नसलेल्या बेटाला हे नाव ठेवावं का, यावर वाद. निघायला पावणेपाच वाजले.

पंधरा पाऊणे सव्वाअकरा, त्यात सहा मिळवा. पाढ्याचा दुसरा भाग साडेपाचला मोऱ्याच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर सगळ्यांच्या लक्षात आला. होडी गाळात बसली होती.

चहूकडे निवटे. हा मासा पाण्याबाहेर कल्ल्यांशी साठवलेल्या ओलाव्यावर आणि ओल्या कातडीतून श्वास घेतो, परांवर रेटत चिखलात फिरतो, आणि डोळे डोक्यावर असल्याने सगळ्यांकडे वरून बघितल्यासारखं बघतो. दिवसभरात भेटलेल्या प्राण्यांत या जागी मजेत असणारा तोच एक. बाई त्याच्याविषयी सांगू लागल्या, तेव्हा एकाने त्याचं कालवण कसं करतात तेवढंच विचारलं. उपास सुटायची वेळ झाली होती.

मास्तरांनी खिशातून कालनिर्णयाचं पान काढलं आणि होडी केव्हा तरंगेल याचा हिशेब मांडायला घेतला. तांडेल विडी शिलगावत म्हणाला, ‘मास्तर, ऱ्हाऊ द्या. आता पानीच सांगेल.’