तेरा नकाराधिकार आणि एक घाट

पुण्याहून कोल्हापूरला लग्नाला निघालो तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही तेरा जण होतो आणि पेनड्राइव्ह एकच, ड्रायव्हरदादांचा. त्यात गाणी कुणी भरली होती देव जाणे. अभंगाला लागून लावणी, लावणीला लागून कुणाच्या तरी हळदीतलं रिमिक्स. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत गाडीत तट पडले होते. शेवटी आत्याने तोडगा काढला. प्रत्येकाला एकेक नकाराधिकार. ज्याला जे गाणं भिकार वाटतं ते त्याने सांगावं, परत येईपर्यंत ते वाजणार नाही.

सुरक्षा परिषदेतसुद्धा हा अधिकार पाचच जणांकडे आहे, तरी जगाचं काय झालंय ते बघा.

काकांनी पहिल्या झटक्यात ‘झिंगाट’ उडवलं. “संगीत आहे का हे? नुसता गोंगाट!” पुतण्या म्हणाला, “काका, ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुलनी अमेरिकेत जाऊन सिम्फनी वाजवून घेतली.” काका म्हणाले, “असेल. वरातीला मर्सिडीज आणली म्हणून नवरदेव शिकलेला ठरत नाही.” मग ते गाणं नेमकं कुठे कुठे बिघडलंय हे त्यांनी कडव्याकडव्याने सांगितलं, मांडीवर ठेका धरून. आवडत्या गाण्याचाही इतका अभ्यास मी कधी केलेला नाही.

आत्याने ‘कोंबडी पळाली’ कापली. चावट आहे म्हणे. “त्यापेक्षा ते हिंदीतलं ‘चिकनी चमेली’ बरं. निदान चाल तरी चांगलीये.” चाल तीच आहे, अजय-अतुलनीच २०१२च्या ‘अग्निपथ’साठी आपली कोंबडी हिंदीत सोडली, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि बायकोचं कोपर बरगडीत बसलं. कार्य आत्याच्या घरचं होतं.

मेहुण्यांना आनंद शिंदे सरसकट नको होते. अख्खा गायक उडवता येणार नाही, असा पोटनियम तिथल्या तिथे करावा लागला. मेहुणे कोथरूडचे. त्यांच्या घरी एकादशीला प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलगीतं लागल्याशिवाय साबुदाणा भिजत नाही. आनंद हे त्याच प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव. बापाचा आवाज देवघरात चालतो, लेकाचा मांडवात वाजला की काच वर जाते.

हा प्रयोग आमच्या आधी एका मराठी माणसाने अख्ख्या देशावर करून पाहिलाय. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत. आकाशवाणीवर आधी कात्री लागली, मग निर्मात्यांशी बिनसलं आणि गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांनी मोर्चा काढला नाही. काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे त्याच वर्षाअखेरीस अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. आणि ही सवंग गाणी कुणाची? नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन. म्हणजे ज्याला काका डोळे मिटून सुवर्णकाळ म्हणतात, तोच काळ.

हे मी काकांना ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, “केसकरांचं तत्त्व बरोबर होतं. गाणी चुकली.”

खेड-शिवापूरचा टोलनाका गेला आणि पुतण्याची पाळी आली. त्याने ‘शुक्रतारा मंद वारा’ उडवलं.

गाडीत श्राद्धाची शांतता पसरली. आत्याने हातातला चिवड्याचा डबा बंद केला. “अरे, पाडगांवकरांचे शब्द आहेत! खळेकाकांची चाल आहे! अरुण दाते आहेत!” पुतण्या म्हणाला, “असू देत की. वारा मंद असायला माझी हरकत नाही, पण गाणं किती मंद! झोप उडवायला मला एक अलार्म पुरतो, झोप आणायला मात्र हे लागतं.” खरं सांगतो, मला हसू आलं. खिडकीकडे तोंड करून हसलो. त्या गाण्यावर मीही जीव टाकतो, पण त्याला नावं ठेवायची सोय असू नये इतकाही टाकत नाही.

मग सूडसत्र सुरू झालं. काकूंनी पुतण्याचं रॅप कापलं. पुतण्याच्या बहिणीने काकूंची गझल कापली. शिरवळला चहा होईपर्यंत पेनड्राइव्हमध्ये तीन आरत्या आणि कुठल्याशा बियाण्याची जाहिरात उरली. आरत्या गाडीत बसून ऐकायच्या नसतात, असं आत्याचं मत पडलं. दादांनी बटण दाबून सगळंच बंद केलं.

खंबाटकी घाट लागला. रात्रीचे साडेअकरा. गाडीत फक्त इंजिनचा घूंऽऽ आवाज. दुसऱ्या वळणावर दादांनी ऐसपैस जांभई दिली. तिसऱ्या वळणावर आणखी मोठी. आरशात ती आम्हां तेरा जणांना दिसली.

“दादा, झोप येतेय का हो?” आत्याचा आवाज बारीक झाला होता.

“नाय ताई, पण गाणं असलं की डोळा लागत नाय. मला काय आवडतं म्हणून लावत नाय मी.”

कुणी बोलेना. चौथं वळण आलं.

“लावा हो ते झिंगाट,” काका म्हणाले. “आणि आवाज जरा मोठा ठेवा.”